मोल्सवर्थची मूळ वाडी

प्रश्न असा आहे : “मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशामुळे हे आडनाव आपल्या कानावरचं आहे. मराठीत ‘मोल’ म्हणजे किंमत आणि इंग्रजीत ‘वर्थ’ म्हणजेही किंमत. मग या आडनावाचा खरा अर्थ काय, ते आलं कुठून आणि इंग्लंडमध्ये ते कितपत आढळतं?”

गेली वीस-पंचवीस वर्षं मी जुन्या ब्रिटिश नोंदींमधून घराण्यांचे धागे शोधण्याचं काम करतो. या आडनावाबद्दल मला मराठी माणसांनीच सर्वांत जास्त वेळा विचारलं आहे, आणि ते साहजिक आहे. मराठी शब्दाचा अर्थ अडला की आजही ज्याच्या कोशाकडे हात जातो, त्या माणसाचं हे आडनाव. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. मोल्सवर्थ हे गावाचं नाव आहे आणि आडनाव त्या गावावरून पडलं. गाव इंग्लंडच्या पूर्व भागात, पूर्वीच्या हंटिंग्डनशर परगण्यात आहे. १९७४ पासून तो भाग केंब्रिजशरमध्ये मोडतो. गावाच्या नावाचा अर्थ ‘मूल नावाच्या माणसाची कुंपण घातलेली वस्ती’. इथे ‘मूल’ हे विशेषनाम आहे, आपल्या लेकराशी त्याचा संबंध नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘मूलची वाडी’.

‘मोल’ आणि ‘वर्थ’ यांचा मेळ निव्वळ योगायोग आहे. आपला ‘मोल’ संस्कृत ‘मूल्य’वरून आला, मोलमजुरी, मोलकरीण हे शब्द त्याच घरातले. त्याचा या गावाशी काही संबंध नाही. इंग्रजी ‘वर्थ’बद्दल मात्र थोडं थांबायला हवं, कारण तिथे इंग्रज माणूसही फसतो. जुन्या इंग्रजीत दोन वेगळे शब्द होते : एकाचा अर्थ किंमत, दुसऱ्याचा कुंपण, आवार, आवारातलं घर. काळाच्या ओघात दोन्हींचा उच्चार आणि लेखन एक झालं. किमतीचा ‘वर्थ’ रोजच्या बोलण्यात राहिला आणि आवाराचा ‘वर्थ’ फक्त गावांच्या नावांत अडकून उरला. लंडनमधल्या वाँड्सवर्थ आणि आयझलवर्थ या वस्त्या त्याच घडणीच्या, रिकमन्सवर्थही त्यातलंच. केनिलवर्थ हे तर एका बाईच्या नावावरून पडलेलं. आवाराची मालकीण किनेहिल्ड नावाची होती.

‘वर्थ’साठी मी ‘वाडी’ हा शब्द विचार करून वापरतो. दोन्ही शब्दांचा प्रवास विलक्षण सारखा आहे. आपली वाड, वाडा, वाडी ही सगळी मंडळी संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण, बंदिस्त जागा या शब्दाकडे जातात. आधी कुंपण, मग कुंपणातली बाग किंवा घर, मग घरांचा पुंजका, आणि शेवटी गावाचं नाव. इंग्रजी ‘वर्थ’ याच पायऱ्यांनी चढला. मोल्सवर्थने स्वतःच्या कोशात ‘वाडी’चा पहिला अर्थ कुंपण घातलेली बागाईत जमीन असा दिला आहे आणि त्यानंतर शेतकऱ्यांच्या झोपड्यांची वस्ती असा. स्वतःच्या आडनावाचा उत्तरार्ध त्याने मराठीतून इंग्रजीत असा उलगडून ठेवला आहे. ती नोंद मी पहिल्यांदा या नजरेने वाचली तेव्हा बराच वेळ त्याच पानावर होतो.

आता मधला ‘स’. १०८६ साली विजेत्या विल्यमने इंग्लंडच्या जमिनीची पाहणी करवून जो दप्तरग्रंथ लिहवून घेतला, त्याला डूम्सडे बुक म्हणतात. त्यात हे गाव ‘मोलेसवर्दे’ असं नोंदलेलं आहे. त्यातला ‘एस’ म्हणजे जुन्या इंग्रजीतला षष्ठीचा प्रत्यय. ‘मूलची वाडी’ यातल्या ‘ची’चं काम तो करतो. सावंतवाडीत आपण प्रत्यय गाळतो, त्यांनी तो ठेवला आणि नऊशेहून अधिक वर्षं तो तिथेच आहे. ‘मूल’चं ‘मोल’ कसं झालं? दप्तर लिहिणारे कारकून नॉर्मन, म्हणजे विल्यमबरोबर फ्रान्समधून आलेल्या लोकांच्या वळणाचे होते आणि ‘उ’च्या जागी ते पुष्कळदा ‘ओ’ लिहीत. लिहिलेलं टिकलं आणि उच्चारही मागाहून त्याच्याकडे झुकला. आज इंग्रज या आडनावाचा उच्चार साधारण ‘मोल्झवर्थ’ असा करतात, मधला ‘ए’ मुका. मराठीत मोल्सवर्थ, मोलस्वर्थ, मोलेसवर्थ अशी तिन्ही रूपं छापलेली मी पाहिली आहेत. पहिलं उच्चाराला सर्वांत जवळचं.

‘मूल’ या नावाबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. त्याचा शब्दशः अर्थ खेचर. लॅटिनमधून आलेला शब्द. माणसाला असं नाव का ठेवावं? सातव्या शतकात केंटवर काही काळ राज्य करणारा एक राजा याच नावाचा होता. तो वेसेक्सच्या कॅडवालाचा भाऊ, आणि ‘कॅडवाला’ हे नाव मूळ ब्रिटन लोकांच्या केल्टिक भाषेतलं. त्यावरून अभ्यासकांचा तर्क असा की या भावांचे आईबाप दोन वेगळ्या जमातींतले असावेत आणि म्हणून एकाला ‘मूल’ हे नाव चिकटलं. ६८७ साली केंटच्या लोकांनी त्याला बारा जणांसह जाळून मारलं अशी नोंद अँग्लो-सॅक्सन बखरीत आहे. आपल्या गावाचा मूल हा तो राजा नव्हे. तो कुणी साधा जमीनधारक असणार. पण राजघराण्यातही चालत होतं म्हणजे नाव हिणकस मानलं जात नव्हतं, एवढं त्या नोंदीवरून ठरतं.

एक लोकप्रिय समज इथेच खोडतो. जमिनीखाली बोगदे खणणाऱ्या ‘मोल’ या प्राण्यावरून हे नाव आलं असं कित्येक ठिकाणी लिहिलेलं सापडतं. हे कालक्रमात बसत नाही. जुन्या इंग्रजीत त्या प्राण्याला वेगळाच शब्द होता. ‘मोल’ हा शब्द इंग्रजीत दिसू लागतो तो मध्ययुगाच्या उत्तरार्धात, आणि गावाचं नाव १०८६ मध्येच लिहून झालेलं आहे. व्युत्पत्तीत मी हा नियम सर्वांत वर ठेवतो : आडनावाचं आजचं रूप शेवटी पाहायचं, सर्वांत जुनं लिखित रूप आधी. आजच्या रूपावर डोकं चालवलं की कुठलंही आडनाव कुठल्याही अर्थाला जाऊन मिळतं.

गावाचं नाव माणसाचं आडनाव कसं झालं, हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. चिपळूणकर, पंढरपूरकर, कोल्हापूरकर आपल्या घरोघरी आहेत. इंग्लंडमध्ये ही आडनावं साधारण १२०० ते १४०० या दोन शतकांत पक्की झाली. आधी लिहायचे ‘अमुक द मोल्सवर्थ’, म्हणजे मोल्सवर्थचा अमुक. पुढे तो ‘द’ गळाला आणि नुसतं गावाचं नाव मागे राहिलं. आपला ‘कर’ टिकला, त्यांचा ‘द’ पडला, इतकाच फरक. असं आडनाव दोन प्रकारच्या लोकांना मिळे : एक त्या गावची जहागीर धरणारे, आणि दुसरे गाव सोडून परगावी गेलेले. गावातच राहणाऱ्या शंभर माणसांना गावाच्या नावाने हाक मारण्यात अर्थ नसतो, त्यामुळे ओळख म्हणून ते नाव बाहेरच कामाला येतं. आपल्याकडेही कोकणातल्या कितीतरी ‘कर’ मंडळींची हीच गोष्ट आहे.

इथून आडनाव विरळ का, याचं उत्तर मिळतं. नॉर्टन किंवा सटन या नावांची गावं इंग्लंडभर विखुरलेली आहेत, कारण त्यांचा अर्थच ‘उत्तरेची वस्ती’ आणि ‘दक्षिणेची वस्ती’. त्यांची आडनावं म्हणून अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण झाली. मोल्सवर्थ नावाचं जुनं गाव मात्र एकच, आणि तेही मूठभर घरांचं. एका लहान गावातून किती घराणी बाहेर पडणार? शिवाय आडनाव मुलाकडून पुढे जातं. सुरुवातीला पाच-सात घराणी असली आणि त्यांतल्या तिघांना मुलगे झाले नाहीत, तर आडनाव तिथेच आखडतं. स्मिथसारख्या आडनावाला असे धक्के जाणवत नाहीत, कारण लोहार गावोगावी होता. मोल्सवर्थला प्रत्येक धक्का जाणवला.

चेशरमध्ये ‘मोल्ड्सवर्थ’ नावाचं एक गाव आहे. ते वेगळं. त्याच्या नावाचा अर्थ टेकडीजवळचं आवार असा आहे. जुन्या चर्च-नोंदींत कारकून कानाने ऐकून लिहीत, त्यामुळे ‘ड’ कधी येतो, कधी जातो. वायव्य इंग्लंडमधल्या एखाद्या मोल्सवर्थ कुटुंबाचा शोध घेताना दोन्ही गावं डोळ्यांपुढे ठेवावीत.

आता प्रश्नाचा तिसरा भाग, आडनाव कितपत आढळतं. आडनाव किती लोकांचं आहे आणि ते किती ठिकाणी ऐकू येतं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मोल्सवर्थ हे आडनाव लावणारी माणसं ब्रिटनमध्ये थोडी, पण नाव पृथ्वीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचलेलं. त्याला कारण मुख्यत्वे दोन घराणी.

पहिलं आयर्लंडमधलं. क्रॉमवेलच्या काळात एक रॉबर्ट मोल्सवर्थ डब्लिनला व्यापारी म्हणून स्थिरावला. त्याच्या मृत्यूनंतर १६५६ मध्ये जन्मलेला मुलगा, त्याचंही नाव रॉबर्ट, पुढे डेन्मार्कमध्ये इंग्लंडचा राजदूत झाला आणि १७१६ मध्ये त्याला आयर्लंडच्या सरदारवर्गात व्हायकाउंट ही पदवी मिळाली. डेन्मार्कमध्ये राजाच्या हाती अनिर्बंध सत्ता कशी गेली यावर त्याने १६९४ मध्ये लिहिलेलं पुस्तक युरोपभर वाचलं गेलं. त्याचा मुलगा रिचर्ड १७०६ च्या रामिलीच्या लढाईत इंग्रज सेनापती ड्यूक ऑफ मार्लबरोच्या दिमतीला होता. ड्यूक घोड्यावरून पडला आणि शत्रूचे स्वार अंगावर आले, तेव्हा रिचर्डने आपला घोडा त्याला दिला. ड्यूक वाचला. हा रिचर्ड पुढे तिसरा व्हायकाउंट आणि फील्ड मार्शल झाला. डब्लिनमधला मोल्सवर्थ स्ट्रीट या घराण्याचा, आणि त्या रस्त्याच्या टोकाला लीन्स्टर हाउस आहे, जिथे आज आयर्लंडची संसद भरते.

दुसरं घराणं कॉर्नवॉलमधलं, पेनकॅरो या वाड्याचं. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात जॉन मोल्सवर्थ तिकडे कॉर्नवॉलच्या सरकारी जहागिरीचे हिशेब पाहायला गेला आणि तिथलाच झाला. त्या घराण्याला १६८९ मध्ये बॅरोनेट ही पदवी मिळाली ती हेंडर मोल्सवर्थमुळे. हा जमैकाचा कारभार पाहत असे आणि गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा तिथला अडत्या होता. घराण्याच्या मानचिन्हांबद्दल भरभरून लिहिणारे हा भाग गाळतात. मी गाळत नाही. कॅरिबियन बेटांवरच्या कितीतरी कुटुंबांना त्यांची इंग्रजी आडनावं मालकांकडून, गुलामीतून मिळालेली आहेत. तिथे आडनाव सापडलं म्हणून रक्ताचं नातं सापडलं असं समजू नये.

याच घराण्यातला आठवा बॅरोनेट सर विल्यम मोल्सवर्थ, १८१० ते १८५५. मला या आडनावातला सर्वांत मोलाचा माणूस तो वाटतो. शिक्षकाला द्वंद्वाचं आव्हान दिलं म्हणून त्याला केंब्रिज सोडावं लागलं. पुढे हॉब्ज या तत्त्वज्ञाचं समग्र लेखन त्याने स्वतःच्या खर्चाने सोळा खंडांत संपादून काढलं, इंग्रजीचे अकरा आणि लॅटिनचे पाच. १८३७ मध्ये त्याच्या अध्यक्षतेखाली पार्लमेंटची एक समिती नेमली गेली. ऑस्ट्रेलियात कैदी धाडण्याच्या पद्धतीची तिने चौकशी केली, ही पद्धत गुलामीसारखीच आहे असं दाखवून दिलं आणि १८४० मध्ये न्यू साउथ वेल्सला कैदी पाठवणं थांबलं. न्यूझीलंडच्या वसाहतीतही त्याने रस घेतला होता. त्यामुळे वेलिंग्टनमध्येही एक मोल्सवर्थ स्ट्रीट आहे आणि न्यूझीलंडची संसद त्याच रस्त्यावर आहे. एका विरळ आडनावाच्या दोन रस्त्यांवर दोन देशांच्या संसदा! शिवाय ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात आणि टास्मानियात मोल्सवर्थ नावाची गावं आहेत, आणि न्यूझीलंडमधल्या सर्वांत मोठ्या पशुपालन क्षेत्राचं नावही मोल्सवर्थ. ते १,८०,००० हेक्टर आहे.

पेनकॅरोच्या बागेतून एक झाडाचं नावही जगाला मिळालं. चिलीहून आणलेलं काटेरी फांद्यांचं एक सूचिपर्णी झाड सर विल्यमने तिथे लावलं होतं. त्यावर चढताना माकडही कोड्यात पडेल असं एक पाहुणा म्हणाला आणि इंग्रजीत त्या झाडाला ‘मंकी पझल’ हेच नाव पडलं. नावं अशीही पडतात : एकाने सहज उच्चारावं आणि दुसऱ्याने ते लिहून ठेवावं.

मूळ गाव मात्र लहानच राहिलं. दुसऱ्या महायुद्धात शेजारी विमानतळ झाला आणि तिथून अमेरिकेची बाँबफेकी विमानं उडत. १९८० च्या दशकात तिथे क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरलं आणि शांततावादी मंडळींनी तळाबाहेर छावणी टाकली. फेब्रुवारी १९८५ मध्ये सैन्य आणि पोलीस लावून ती हटवण्यात आली. ब्रिटनमधल्या एका पिढीला मोल्सवर्थ म्हटलं की पहिल्यांदा तेच आठवतं.

आता आपला मोल्सवर्थ. जेम्स टॉमस मोल्सवर्थ, जन्म १७९५, मृत्यू १८७१. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात तरुणपणी आला आणि मराठीत रमला. जॉर्ज आणि टॉमस कँडी या भावांसह, शास्त्रीमंडळींच्या मदतीने त्याने मराठी-इंग्रजी कोश रचला. तो १८३१ मध्ये मुंबई सरकारने छापला आणि १८५७ मध्ये सुमारे ६०,००० शब्दांची वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली. १९७५ मध्ये पुण्यात तिचं पुनर्मुद्रण झालं आणि शिकागो विद्यापीठाने तो कोश संगणकावर सर्वांसाठी खुला केला. कोकणातली, देशावरची, शेतातली, माजघरातली बोली त्यात इतकी सापडते की कित्येक शब्द आज फक्त तिथेच जिवंत आहेत. आणखी एक मोल्सवर्थ हिंदुस्थानात येऊन गेला : गिलफर्ड मोल्सवर्थ, रेल्वेचा अभियंता. आधी सिलोनची रेल्वे, मग हिंदुस्थान सरकारचा सल्लागार अभियंता. त्याची खिशात मावणारी सूत्रांची पुस्तिका अभियंत्यांच्या कित्येक पिढ्यांनी वापरली. तो पहिल्या व्हायकाउंटच्या वंशातला.

कुणाच्या घरात हे आडनाव आलं असेल, पुण्या-मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरात किंवा इगतपुरी-भुसावळच्या रेल्वे वसाहतीतल्या एखाद्या पणजीच्या माहेरी, तर शोध उलट्या दिशेने करा. व्हायकाउंटपासून खाली येऊ नका, स्वतःपासून वर चढा. मुंबई इलाख्यातले चर्चमधले बाप्तिस्मे, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. मुंबईच्या मालिकेचा खूण-क्रमांक ‘एन/३’. इंग्लंडात जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून, त्याआधी १५३८ पासूनची चर्चची वहीखाती. त्याहून मागे जायचं तर चौदाव्या शतकातल्या डोईपट्टीच्या याद्या. आडनाव विरळ असल्याचा इथे मोठा फायदा होतो. स्मिथ शोधताना एका गावात एकाच नावाचे चार जॉन निघतात, मोल्सवर्थ सहसा एकच निघतो.

एक सावधगिरी. ‘तुमच्या आडनावाचं मानचिन्ह’ म्हणून चौकटीत बसवलेली ढाल विकणारी दुकानं आहेत. सुरुवातीच्या काळात मीही एका कुटुंबाची वंशावळ अशाच चित्रावर विसंबून एका सरदार घराण्याला जोडली होती. नंतर चर्चच्या वहीत त्यांचा मूळ पुरुष शेतमजूर निघाला, आणि मला ती वंशावळ परत मागून घ्यावी लागली. त्या घरातल्या आजोबांचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. इंग्लंडमध्ये मानचिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं, आडनावाला नाही. १४८४ पासून लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स त्याचा हिशेब ठेवतं.

तेव्हा कुणी विचारलं तर ‘मूलच्या वाडीचे’ असं सांगा. खेचर, राजा, सरदार हे सगळं त्या नावाच्या आगेमागे आहे, पण अर्थ गावाचा आहे, घराण्याचा नाही. कोश हाताशी असेल तर ‘वाडी’ची नोंद एकदा काढून वाचा.